सगळे म्हणतायत डॉजर्सच जिंकणार, पण बेसबॉलच्या अंदाजांवर किती विश्वास ठेवायचा?

गेल्या वर्षीची २९ मार्चची मॅच. न्यूयॉर्कचं यांकी स्टेडियम. मिलवॉकी ब्रुअर्सच्या पिचरने पहिला बॉल टाकला, होमरन. दुसरा बॉल, दुसरा बॅटर, पुन्हा होमरन. तिसरा बॉल, समोर ॲरन जज, तिसरा होमरन. म्हणजे क्रिकेटच्या भाषेत पहिल्या तीन बॉलवर तीन सिक्सर, तेही तीन वेगवेगळ्या बॅटरचे. त्या दिवशी यांकीजने ९ होमरन मारले आणि मॅच २०-९ अशी जिंकली.

ब्रुअर्स सीझनच्या पहिल्या चारही मॅच हरले. चार मॅचमध्ये ४७ रन दिले आणि केले फक्त १५. सीझनआधीही त्यांच्याबद्दल फार कुणी चांगलं बोलत नव्हतं. त्यांच्या डिव्हिजनमध्ये बहुतेकांची पसंती शिकागो कब्जला होती.

सहा महिन्यांनी सीझन संपला तेव्हा टेबलवर सगळ्यात वर नाव होतं मिलवॉकी ब्रुअर्सचं. ९७ विजय, ६५ पराभव. ३० टीममध्ये सर्वोत्तम.

आता २०२६चा सीझन तोंडावर आलाय. २५ मार्चला सॅन फ्रान्सिस्कोमध्ये जायंट्स विरुद्ध यांकीज या मॅचने सुरुवात होईल. अमेरिकेत अंदाजांचा पूर आलाय. कुणी कॉम्प्युटर मॉडेलचे आकडे देतंय, कुणी तज्ज्ञांची मतं. जवळजवळ सगळ्यांचं एका नावावर एकमत आहे, लॉस एंजेलिस डॉजर्स. सलग दोन वर्षं चॅम्पियन, आणि यंदा तिसऱ्यांदा जिंकण्याची तयारी.

पण हे अंदाज बनतात कसे? दरवर्षी ते चुकतात, तरी लोक ते का वाचतात? आणि यंदा या आकड्यांवरून अमेरिकेत एक मोठं भांडण का पेटणार आहे? समजून घेऊ.

आधी फॉरमॅट बघू

मेजर लीग बेसबॉलमध्ये ३० टीम आहेत. १५ अमेरिकन लीगमध्ये, १५ नॅशनल लीगमध्ये. प्रत्येक लीगचे तीन भाग, म्हणजे डिव्हिजन. प्रत्येक डिव्हिजनमध्ये पाच टीम.

प्रत्येक टीम साधारण सहा महिन्यांत १६२ मॅच खेळते. हो, १६२. आयपीएलमध्ये लीग स्टेजला एका टीमच्या १४ मॅच होतात, त्यावरून विचार करा.

त्यानंतर दोन्ही लीगमधून सहा-सहा अशा १२ टीम प्लेऑफला जातात. तीन डिव्हिजन विजेत्या आणि उरलेल्यांमधल्या तीन सर्वोत्तम, ज्यांना 'वाइल्ड कार्ड' म्हणतात. प्रत्येक लीगच्या पहिल्या दोन टीमना पहिली फेरी खेळावी लागत नाही. बाकीच्यांना तीन मॅचची सीरिज, मग पाच मॅचची, मग सात मॅचची. शेवटी दोन्ही लीगचे विजेते सात मॅचची 'वर्ल्ड सीरिज' खेळतात.

एक गोष्ट लक्षात ठेवा. बेसबॉलमध्ये सगळ्यात भारी टीमसुद्धा दर दहापैकी चार मॅच हरते. ९७ मॅच जिंकणारे ब्रुअर्स ६५ वेळा हरलेच होते. पुढचं सगळं गणित या एका गोष्टीभोवती फिरतं.

अंदाज बांधतात कसा?

सुरुवात टीमपासून होत नाही, खेळाडूपासून होते. प्रत्येक खेळाडू यंदा कसा खेळेल याचा आधी अंदाज घ्यायचा, मग सगळ्यांची बेरीज करून टीमचा.

यातली सगळ्यात सोपी पद्धत टॉम टँगो या अभ्यासकाने मांडली. नाव 'मार्सेल'. 'फ्रेंड्स' सीरियलमधला रॉसचा माकड आठवतोय? त्याच्यावरूनच हे नाव ठेवलंय. म्हणजे माकडालाही जमेल इतकी सोपी पद्धत. खेळाडूची शेवटची तीन वर्षं घ्या. बॅटर असेल तर ताज्या वर्षाला ५, त्याआधीच्या वर्षाला ४ आणि त्याच्याही आधीच्या वर्षाला ३ असं वजन द्या. उत्तर थोडं सगळ्या लीगच्या सरासरीकडे ओढा. मग वयाचा हिशोब करा, म्हणजे तरुण असेल तर थोडं वाढवा आणि वय झालं असेल तर थोडं कमी करा. झालं.

गंमत म्हणजे या माकडाला हरवणं मोठमोठ्या मॉडेलनाही सोपं जात नाही.

दुसरं प्रसिद्ध मॉडेल 'पेकोटा'. ते बनवलं नेट सिल्व्हर यांनी. हेच सिल्व्हर पुढे अमेरिकेच्या निवडणुकांच्या अंदाजांसाठी जगभर ओळखले गेले. 'फॅनग्राफ्स' ही वेबसाइट 'झिप्स' आणि 'स्टीमर' अशी दोन मॉडेल एकत्र करते. सगळ्यांचा गाभा मात्र तोच आहे. जुना रेकॉर्ड, वय आणि सरासरीकडे परतण्याची सवय.

खेळाडूंच्या अंदाजावरून टीम किती रन करेल आणि किती देईल हे काढतात. रनवरून विजय काढायचं सूत्र बिल जेम्स यांचं. कॅन्सस राज्यातल्या एका अन्नप्रक्रिया कारखान्यात ते रात्रपाळीचे सिक्युरिटी गार्ड होते आणि त्याच काळात त्यांनी बेसबॉलच्या आकडेवारीवर लिहायला सुरुवात केली. सूत्र असं, की केलेल्या रनचा वर्ग भागिले केलेल्या आणि दिलेल्या रनच्या वर्गांची बेरीज. समजा एका टीमने सीझनमध्ये ८०० रन केले आणि ७०० दिले. सूत्रानुसार तिने साधारण ५७ टक्के, म्हणजे ९२ मॅच जिंकायला हव्यात. प्रत्यक्षातला आकडा बहुतेक वेळा याच्या आसपासच असतो.

शेवटी कॉम्प्युटरवर अख्खा सीझन हजारो वेळा खेळवतात आणि निकालांची सरासरी काढतात. आपल्या फीडवर येणारा '९५ विजय' हा आकडा म्हणजे ही सरासरी. तो दिसतो एकच, पण त्याच्या मागे ८५ही असतो आणि १०५ही.

मग चूक कुठे होते?

समजा तुम्हाला एका टीमची ताकद अगदी अचूक माहीत आहे. ती बरोब्बर मध्यम टीम आहे, प्रत्येक मॅच जिंकण्याची शक्यता ५० टक्के. मग ती १६२ पैकी ८१ मॅच जिंकेल ना?

एक नाणं १६२ वेळा उडवून बघा. नेमके ८१ छापे क्वचितच पडतील. गणित सांगतं की साधारण तीनपैकी दोन वेळा आकडा ७५ ते ८७ च्या दरम्यान येईल. तिसऱ्या वेळी त्याच्याही बाहेर.

आता हे खऱ्या टेबलवर ठेवून बघा. गेल्या वर्षी डेट्रॉइट टायगर्स ८७ विजयांवर प्लेऑफमध्ये गेले. म्हणजे खेळाडू तेच, ताकद तीच, फक्त नाणं थोडं बाजूने पडलं तर मध्यम टीमही प्लेऑफ खेळू शकते. आणि नशीब रुसलं तर तीच टीम ७५ वर राहते आणि मॅनेजरची नोकरी जाते. ह्यूस्टन ॲस्ट्रोज तर ८७ विजय मिळवूनही बाहेर राहिले, कारण बरोबरी झाल्यावरचा नियम त्यांच्या विरोधात गेला.

म्हणून कुठल्याही मॉडेलचा अंदाज सरासरी पाच-सहा मॅचनी चुकणारच. तो बनवणाऱ्याची हुशारी कमी पडते म्हणून हे होत नाही, खेळच तसा आहे.

यात दुखापती धरलेल्याच नाहीत. गेल्या वर्षी सीझनआधी डॉजर्सबद्दल चर्चा होती की ते ११६ विजयांचा विक्रम मोडतील का. हा विक्रम १९०६ च्या कब्जचा आणि २००१ च्या सिअ‍ॅटल मरिनर्सचा. पण ब्लेक स्नेल, टायलर ग्लासनाऊ, रोकी सासाकी असे त्यांचे मोठे पिचर कित्येक महिने बाहेर बसले. डॉजर्स ९३ वर थांबले.

मेट्सची गोष्ट अजून वाईट. त्यांनी हुआन सोटोला १५ वर्षांसाठी ७६.५ कोटी डॉलर मोजले होते. १२ जूनला ४५ विजय आणि २४ पराभवांसह ते सगळ्या लीगमध्ये पहिले होते. तिथून पुढे ३८ जिंकले, ५५ हरले. शेवटच्या दिवशीच्या पराभवानंतर सिनसिनाटी रेड्सशी ८३-७९ अशी बरोबरी झाली आणि नियमानुसार प्लेऑफचं तिकीट रेड्सला मिळालं.

आणि क्लीव्हलँड गार्डियन्स? जुलैच्या सुरुवातीला ते आपल्या डिव्हिजनमध्ये टायगर्सपेक्षा साडेपंधरा मॅच मागे होते. त्यांचे दोन पिचर सट्टेबाजीच्या चौकशीमुळे जुलैतच टीमबाहेर गेले. त्या उन्हाळ्यात टायगर्स डिव्हिजन जिंकणार ही शक्यता मॉडेल शंभर टक्क्यांच्या अगदी जवळ दाखवत होती. सप्टेंबरअखेर डिव्हिजन गार्डियन्सनी जिंकली. एवढी मोठी पिछाडी भरून याआधी कुणीच डिव्हिजन जिंकली नव्हती.

पुढचा आठवडा अजून गमतीचा. प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत या दोघांचीच गाठ पडली आणि टायगर्सनी गार्डियन्सना २-१ ने घरी पाठवलं.

प्लेऑफ म्हणजे वेगळाच खेळ

१६२ मॅचमध्ये नशीब थोडं तरी समान वाटलं जातं. पाच किंवा सात मॅचमध्ये तेवढा वेळ नसतो.

एक हिशोब करू. समजा एक टीम इतकी भारी आहे की प्लेऑफमधल्या तगड्या टीमविरुद्धही ती प्रत्येक मॅच ५७ टक्के वेळा जिंकेल. बेसबॉलमध्ये हे खूप झालं. पाच मॅचची सीरिज ती साधारण ६३ टक्के वेळा जिंकेल आणि सात मॅचची ६५ टक्के वेळा. चॅम्पियन व्हायला एक पाचची आणि दोन सातच्या सीरिज जिंकायच्या आहेत. तिन्हींचा गुणाकार केला की उत्तर येतं २७ टक्के. पहिली तीन मॅचची फेरीही खेळावी लागली तर शक्यता १६ टक्क्यांवर येते.

म्हणजे कुणी म्हणालं की 'डॉजर्स यंदा जिंकण्याची शक्यता सगळ्यात जास्त आहे', तर ते बरोबर आहे. आणि कुणी म्हणालं की 'डॉजर्स यंदा बहुतेक जिंकणार नाहीत', तर तेही बरोबरच आहे. पहिलं वाक्य रीलमध्ये चालतं, दुसरं चालत नाही, एवढाच फरक.

आता पुन्हा ब्रुअर्सकडे येऊ. गेल्या जुलैमध्ये ब्रुअर्स आणि डॉजर्स यांच्यात सहा मॅच झाल्या आणि सहाही ब्रुअर्सनी जिंकल्या. दोन टीम अगदी बरोबरीच्या असतील तर एकीने सहाच्या सहा जिंकण्याची शक्यता ६४ पैकी १ असते. मग ऑक्टोबरमध्ये नॅशनल लीगच्या फायनलमध्ये याच दोन टीम समोरासमोर आल्या आणि डॉजर्सनी ४-० ने सीरिज संपवली. चार मॅचमध्ये ब्रुअर्सचे एकूण रन किती? चार. प्रत्येक मॅचमध्ये एक. शेवटच्या मॅचमध्ये शोहेई ओतानीने सहा इनिंग पिचिंग करून एकही रन दिला नाही, १० बॅटर स्ट्राइकआउट केले आणि वर स्वतः तीन होमरन मारले.

हे असं होईल असं सांगणारं मॉडेल अजून तरी बनलेलं नाही.

वर्ल्ड सीरिजमध्ये डॉजर्ससमोर होती टोरंटो ब्लू जेज. ही टीम २०२४ मध्ये ७४ विजयांसह आपल्या डिव्हिजनमध्ये शेवटची होती. आपल्याकडे मुंबई इंडियन्स २०२४ ला दहावे आणि २०२५ ला प्लेऑफमध्ये गेले, तसंच काहीसं. सातव्या मॅचच्या नवव्या इनिंगमध्ये ब्लू जेज चॅम्पियन होण्यापासून फक्त दोन आउट दूर होते. तेव्हा मिगेल रोहास या डॉजर्सच्या खेळाडूने होमरन मारून बरोबरी केली. हा काही होमरनसाठी ओळखला जाणारा बॅटर नव्हता. शेवटी ११ व्या इनिंगमध्ये डॉजर्स ५-४ ने जिंकले. आपल्याकडे तेव्हा २ नोव्हेंबरची सकाळ होती. त्याच दिवशी नवी मुंबईत आपल्या महिला टीमची वर्ल्ड कप फायनल होती, त्यामुळे इथे फार कुणाचं लक्ष गेलं नाही.

बरं, यंदा काय?

इतकं सगळं सांगून झाल्यावर आता आमचाही अंदाज. नेमके आकडे देत नाही, कारण का ते वर सांगितलंच. पण कोण कुठल्या रांगेत आहे हे सांगता येतं.

नॅशनल लीग वेस्ट: डॉजर्स. या एका डिव्हिजनबद्दल फारसं दुमत नाही. त्यांनी यंदा काइल टकरला चार वर्षांसाठी २४ कोटी डॉलर देऊन आणलं आणि शेवटच्या इनिंगसाठी एडविन डियाझसारखा पिचर घेतला. सॅन डिएगो पॅड्रेज मागे असतील. तळाला कोलोरॅडो रॉकीज. गेल्या वर्षी ते ११९ मॅच हरले. यंदा ते सुधारतील, असा अंदाज बिनधास्त करा, कारण इतकं वाईट खेळण्यात थोडं दुर्दैवही असतंच आणि ते दरवर्षी तितकंच राहत नाही. त्यांनी बेसबॉल विभागाची सूत्रं पॉल डीपोडेस्टा यांच्याकडे दिलीत. 'मनीबॉल' सिनेमात जोना हिलने केलेलं पात्र याच माणसावर बेतलेलं आहे.

नॅशनल लीग ईस्ट: फिलाडेल्फिया फिलीज, मेट्स आणि अटलांटा ब्रेव्हज अशी तिघांची शर्यत. ब्रेव्हजना गेल्या वर्षी अनेकांनी प्लेऑफमध्ये धरलं होतं, ते ७६ वर अडकले. खेळाडू फिट राहिले तर तीच टीम वर येऊ शकते. मेट्सनी बो बिशेट आणि पिचर फ्रेडी पेराल्टा यांना आणलंय.

नॅशनल लीग सेंट्रल: कब्ज किंवा ब्रुअर्स. कब्जनी ॲलेक्स ब्रेगमनला घेतलं. आणि मेट्सनी आणलेला तो पेराल्टा आला कुठून? ब्रुअर्सकडून. त्यावर पुढे बोलूच.

अमेरिकन लीग ईस्ट: यंदाची सगळ्यात अवघड डिव्हिजन. ब्लू जेज आणि यांकीज दोघांचे गेल्या वर्षी ९४-९४ विजय होते, बॉस्टन रेड सॉक्सचे ८९. ब्लू जेजनी पिचर डिलन सीसला घेतलं. शेवटच्या आलेल्या बाल्टिमोर ओरिओल्सनी पीट अलोन्सोला आणलं. चारपैकी कुणीही पहिलं आलं तर आश्चर्य वाटायला नको, आणि चौथं आलं तरीही.

अमेरिकन लीग सेंट्रल: टायगर्सकडे टॅरिक स्कुबल आहे, सलग दोन वर्षं लीगचा सर्वोत्तम पिचर. कागदावर ते पुढे. पण गार्डियन्सना कागदावरून बाद करण्याची चूक गेल्या वर्षी झालेली आहे.

अमेरिकन लीग वेस्ट: मरिनर्स. त्यांच्या कॅल रालीने गेल्या वर्षी ६० होमरन मारले. ३० टीममध्ये वर्ल्ड सीरिज कधीच न खेळलेली ही एकमेव टीम, आणि गेल्या ऑक्टोबरमध्ये ती फक्त एका विजयाने दूर राहिली.

यंदा एक नवीन गोष्टही आहे. बॉल स्ट्राइक होता की नव्हता या अंपायरच्या निर्णयाला आता आव्हान देता येणार आहे. आपल्या डीआरएससारखंच. प्रत्येक टीमला सुरुवातीला दोन आव्हानं. याचा नेमका कुणाला किती फायदा होईल, यासाठी मेजर लीगच्या सीझनचा जुना डेटाच नाही. मॉडेलही इथे चाचपडणार.

अंदाजाचं भांडण डिसेंबरमध्ये का पेटणार?

इथवर वाचून वाटेल की सगळं नशीबावरच आहे. तसंही नाही.

आयपीएलमध्ये गेल्या मेगा लिलावात प्रत्येक टीमला खर्चाची मर्यादा होती, १२० कोटी रुपये. मुंबईला जेवढे तेवढेच पंजाबला. मेजर लीग बेसबॉलमध्ये अशी पक्की मर्यादा नाही. ठरावीक रकमेच्या वर गेलात तर दंडासारखा एक कर भरायचा, बस. डॉजर्सना २०२५ साठी हा कर सुमारे १६.९ कोटी डॉलर लागला. कित्येक टीमचा अख्ख्या वर्षाचा पगारही इतका नसतो. ब्रुअर्सचा पगार डॉजर्सच्या साधारण एक तृतीयांश.

खेळाडूंची संघटना आणि मालक यांच्यातला करार १ डिसेंबर २०२६ ला संपतोय. अनेक मालकांना पगारावर कमाल मर्यादा हवी आहे. संघटनेचा त्याला जुना आणि कडवा विरोध आहे. दोन्ही बाजू आपापल्या सोयीचा अंदाज पुढे करणार.

मालकांचं म्हणणं, पैशामुळे निकाल आधीच ठरलेला असतो. त्यांच्याकडे पुरावा आहे. डॉजर्स २०१३ पासून एकही वर्ष न चुकता प्लेऑफमध्ये आहेत. पिट्सबर्ग पायरेट्स २०१५ नंतर एकदाही नाहीत. यांकीजनी १९९८ ते २००० अशी सलग तीन वर्षं वर्ल्ड सीरिज जिंकली. त्यानंतर सलग दोनदा जिंकणं डॉजर्सखेरीज कुणालाच जमलं नाही.

खेळाडूंच्या बाजूने म्हणता येतं की पैशाने ट्रॉफी विकत मिळत नाही. पुरावा याही बाजूला आहे. २०२३ मध्ये मेट्सनी पगारावर विक्रमी खर्च केला आणि ७५ मॅच जिंकल्या. त्याच वर्षी ॲरिझोना डायमंडबॅक्स फक्त ८४ विजय घेऊन वर्ल्ड सीरिजपर्यंत पोचले. गेल्या वर्षी सगळ्यात जास्त मॅच जिंकल्या त्या ब्रुअर्सनी.

मग खरं कोण? खरं म्हणजे दोघंही वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतायत. 'यंदा कोण जिंकेल?' या प्रश्नाचा अंदाज बांधणं खूप अवघड आहे, आणि ते पैशावाल्यांसाठीही अवघड आहे. 'पुढची दहा वर्षं सतत शर्यतीत कोण असेल?' याचा अंदाज मात्र बराच सोपा आहे. पैशाने नाणं आपल्या बाजूने पाडता येत नाही, पण दरवर्षी ते उडवायची संधी नक्की विकत घेता येते. डॉजर्सना २७ टक्क्यांची संधी पुन्हा पुन्हा मिळते. छोट्या शहरातल्या टीमला ती क्वचित मिळते, आणि मिळाली तरी टिकवता येत नाही.

ब्रुअर्सकडेच बघा. २०२३, २०२४, २०२५ अशी सलग तीन वर्षं त्यांनी आपली डिव्हिजन जिंकली आणि तिन्ही वेळा अंदाजापेक्षा जास्त मॅच जिंकल्या. चपळ फील्डिंग, पळून चोरलेले रन, नाव नसलेले पण कामाचे पिचर आणि दोन वर्षं लागोपाठ लीगचे सर्वोत्तम मॅनेजर ठरलेले पॅट मर्फी. पण याच काळात त्यांनी एकेक मोठा खेळाडू गमावला. कॉर्बिन बर्न्सला करार संपायच्या आधी दुसऱ्या टीमला दिलं. विली अडामेस जास्त पैशासाठी जायंट्सकडे गेला. डेव्हिन विल्यम्स यांकीजकडे. आणि आता पेराल्टा मेट्सकडे. कारण तेच. यंदाच्या सीझननंतर त्याचा करार संपणार, आणि मग त्याला हवे तेवढे पैसे देणं परवडणार नाही. फुकट जाण्यापेक्षा बदल्यात तरुण खेळाडू तरी घ्यावेत.

म्हणजे तुमच्या टीमने अंदाज खोटा ठरवला, तर बक्षीस म्हणून पुढच्या वर्षी तुमचा लाडका खेळाडू दुसऱ्याच्या जर्सीत दिसतो. ५० पेक्षा जास्त सीझनमध्ये ब्रुअर्स एकदाही चॅम्पियन झालेले नाहीत. वर्ल्ड सीरिजही एकदाच खेळलेत, १९८२ मध्ये.

डिसेंबरपर्यंत तोडगा निघाला नाही तर मालक कामकाज बंद करू शकतात. २०२१-२२ मध्ये असं ९९ दिवस चाललं होतं. त्याआधीचा प्रसंग अजून गंभीर आहे. १९९४ मध्ये पगारमर्यादेच्याच वादावरून खेळाडूंनी १२ ऑगस्टपासून संप केला आणि त्या वर्षी वर्ल्ड सीरिज झालीच नाही. तेव्हा सगळ्यात चांगला रेकॉर्ड कुणाचा होता? मॉन्ट्रियल एक्सपोज या कमी पैशाच्या टीमचा. ७४ विजय, ४० पराभव. पुढच्या वर्षीपर्यंत त्यांचे मोठे खेळाडू विकले गेले. २००५ मध्ये टीमच वॉशिंग्टनला हलवली गेली. त्या वर्षी ते जिंकले असते का, याचा अंदाज मॉन्ट्रियलचे लोक आजही लावत बसतात.

मग अंदाज वाचायचे कसे?

येत्या महिनाभरात तुमच्या फीडवर अमेरिकेतले असे बरेच तक्ते येतील. ते बघताना तीन गोष्टी तपासा. पहिली, एकच आकडा दिलाय की वरची-खालची मर्यादाही? एकच आकडा असेल तर मनातल्या मनात त्याला सहा-सात मॅच इकडे-तिकडे जोडा. दुसरी, अंदाज सीझनचा आहे की ट्रॉफीचा? सीझनच्या अंदाजाला थोडा मान द्या, ट्रॉफीच्या अंदाजाकडे करमणूक म्हणून बघा. तिसरी, सांगणारा काही विकतोय का? अमेरिकेत २०१८ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर राज्यांना खेळांवरचा सट्टा कायदेशीर करता आला, त्यामुळे तिथले बरेच अंदाज बेटिंग कंपन्यांच्या जाहिरातीला चिकटूनच येतात. भारतात ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आहे. त्यामुळे 'शंभर टक्के पक्की टीप' म्हणून कुणी टेलिग्रामवर बोलावत असेल तर लांबच राहा. साडेपंधरा मॅचची आघाडी जिथे पक्की नसते, तिथे टीप कसली पक्की असणार?

आमचा अंदाज विचाराल तर डॉजर्स आपली डिव्हिजन जिंकतील. ट्रॉफीसाठीही एकच नाव घ्यायचं तर त्यांचंच घेऊ, आणि बहुतेक चुकू. ब्रुअर्सना यंदाही मॉडेल गेल्या वर्षीच्या ९७ च्या बरंच खाली धरतील. पेराल्टा गेल्यानंतर ते पटण्यासारखंही आहे. फक्त त्यांनी पहिल्या चार मॅच हरल्या तर लगेच पोस्ट टाकू नका.